जरा ढील दे की!

एप्रिलची दुपार. सोलापूर. बाहेर ४२ डिग्री. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. आईनं खिडकीला ओली चादर बांधलीय (सोलापुरीच, अर्थात), पंखा इमानदारीत गरम हवा फेकतोय आणि त्या पंख्याखाली २९ वर्षांचा, बऱ्यापैकी पॅकेजचा, लग्नाच्या बाजारात अजून ‘अव्हेलेबल’ असलेला एक सॉफ्टवेअर टेस्टर मोजे विणत बसलाय.

तो मी.

शेजारच्या अक्का दारातून डोकावल्या. ‘‘काय करायलास रे?’’ म्हटलं, ‘‘मोजे.’’ त्या क्षणभर थांबल्या, मग आईकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. आई खो खो हसली. आमच्या गल्लीत वाढलेल्या कुठल्याही पोराला जेवढी तेलुगू कळते, तेवढी मलाही कळते. अर्थ साधारण असा, की पोराचं आता लवकर बघा.

पुण्यातही हीच तऱ्हा. माझ्या ग्रुपमध्ये कुणी गिटार शिकतंय, कुणी हाफ मॅरेथॉन पळतंय, एक जण तर घरी चीज बनवतो. या सगळ्याला ‘हॉबी’ म्हणतात. मी लंच ब्रेकमध्ये बॅगेतून सुया काढल्या, तर टीम लीडनं आवाज खाली आणून विचारलं, ‘‘सगळं ठीक आहे ना घरी? ब्रेकअप वगैरे?’’

ब्रेकअप नाही, बॉस. स्ट्रेसबस्टरही नाही. ही गोष्ट सुरू झाली एका नायलॉनच्या धाग्यापासून.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ३४ वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढली. आधी माग चालवायचे, नंतर जॉबर झाले. जॉबर म्हणजे यंत्रमागाचा डॉक्टर. माग बिघडला की त्याला बोलवायचं. दहा मागांच्या खडखडाटात कुठला माग चुकीचा वाजतोय, हे अण्णा दारात उभे राहून सांगायचे. सूत चिमटीत धरून नुसतं फिरवायचे आणि बोलायचे, ‘‘ह्याला पीळ कमी आहे, तुटणार.’’ आणि ते तुटायचंच. लहानपणी मला ही जादू वाटायची.

अण्णांना शुगर आहे, बारा वर्षांपासून. गोळ्या घेतात, चहात साखर नाही, पण चप्पल मात्र तीच, जुनी. दिवाळीनंतरची गोष्ट. आई फरशी पुसत होती आणि तिला फरशीवर लाल ठिपके दिसले. एकेका पावलाच्या अंतरावर, ओळीनं. अण्णांच्या चपलेतून एक चुका वर आला होता आणि तो सकाळपासून तळव्यात घुसत होता. अण्णा तीच चप्पल घालून बाजारात जाऊन आले होते, भाजी आणली होती, वर गप्पाही मारल्या होत्या. त्यांना पत्ताच नव्हता.

मी शुक्रवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी गेलो आणि शनिवारी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी जखम बघितली, मग ड्रॉवरमधून पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा एक जाडसर तंतू. दहा ग्रॅमचा जोर पडला की तो वाकतो, एवढंच त्याचं काम. ‘‘डोळे मिटा आणि पायाला काही लागलं की ‘हो’ म्हणा.’’

अण्णांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी अंगठ्याखाली तंतू टेकवला. तो वाकला. अण्णा गप्प. मग करंगळीखाली. गप्प. मग चवड्यावर. तंतू वाकत होता, सरळ होत होता, आणि अण्णा शाळेतल्या मुलासारखे डोळे घट्ट मिटून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, ‘‘सुरू केलं का, डॉक्टर?’’

मी कोपऱ्यात उभा होतो. मोबाइलमध्ये बघतोय असं दाखवलं. ज्या माणसानं आयुष्यभर नुसत्या बोटांनी धागा ओळखला, त्याला पायाला लागलेला धागा कळला नव्हता.

डॉक्टरांनी सूचनांची यादी दिली. घरातही अनवाणी फिरायचं नाही. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा. रोज रात्री तळवे तपासायचे, स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरायचा. आणि मोजे वापरायचे, पण पांढरे किंवा फिक्या रंगाचे. म्हणजे कुठं रक्त किंवा पाणी आलं तर लगेच दिसेल. बोटांपाशी जाड शिवण नको. आणि वरचं इलॅस्टिक घट्ट नको. संध्याकाळी अण्णांच्या पायांना थोडी सूज येते, त्यावर गोळी दिलीच, पण पोटरीवर मोज्याचा वळ उठता कामा नये, हे दोनदा बजावलं.

एवढं सोपं! मी पुण्यात जाऊन खास डायबेटिसवाल्यांसाठीचे मोजे आणले, दोन जोड्या. बरे होते. अण्णांनी एक उचलला, चिमटीत धरला आणि बाजूला ठेवला. ‘‘ह्यात सूत किती आणि प्लॅस्टिक किती?’’ मी पाकीट वाचलं. निम्म्याहून जास्त सिंथेटिक. ‘‘सोलापूरच्या उन्हात प्लॅस्टिक घालून फिरू?’’ विषय संपला. उभ्या आयुष्यात सुताशिवाय दुसरं काही हाताळलं नाही, असा माणूस. पायाला लागलेला धागा कळत नसेल, पण हाताला कळतो ना! ते हात काही रिटायर झालेले नाहीत.

‘‘मग मीच विणतो,’’ मी म्हटलं. रागात म्हटलं होतं. आई म्हणाली, ‘‘मग मावशीआजीकडं जा.’’

मावशीआजी म्हणजे आईची मावशी. वय ७७. दात तिचे स्वतःचे, चष्मा जाड. ती विणकाम शिकली १९६२ साली. चीनशी युद्ध सुरू झालं ऑक्टोबरमध्ये, आपले जवान हिमालयात, अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, हे पेपरांतून घराघरांत पोचलं आणि देशभर बायका-मुलींनी सुया हातात घेतल्या. मावशीआजी तेव्हा आठवीत. ज्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चिनी जखमींची सेवा करायला गेले आणि तिथंच वारले, त्याच सोलापुरात चोवीस वर्षांनी शाळेतल्या मुली चीनशी लढणाऱ्या जवानांसाठी मोजे विणत होत्या. बाईंनी लोकर वाटली होती. मफलर, माकडटोप्या, हातमोजे, पायमोजे. ‘‘थंडी म्हणजे काय असती, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं,’’ ती सांगते. ‘‘गड्ड्याच्या जत्रेला गेलं तर शाल घ्यायची, तेवढीच आमची थंडी.’’

तिनं मला शिकवलं. सुलट टाका, उलट टाका. चार सुयांवर गोल विणायचं कसं. टाच कशी वळवायची (इथं मी दोन वीकेंड अडकलो). शेवटी बोटांपाशी टाक्याला टाका जोडून बंद कसं करायचं, म्हणजे शिवण राहत नाही. सुताचा प्रश्न अण्णांच्या एका जुन्या दोस्तानं सोडवला. पांढऱ्या सुताची कोन घरी आली. मागावरचं सूत सुयांसाठी फार बारीक, म्हणून आईनं सहा पदर एकत्र करून गुंडे केले. लग्नानंतर कित्येक वर्षं तिनं घरी कांड्या भरल्यात. सोलापुरात माग पुरुषांचा आणि कांड्या बायकांच्या, ही वाटणी जुनीच. आता कांडीवाली आई गुंडे करत होती आणि मुलगा सुया चालवत होता. अण्णा पेपरमागून बघत होते. काही बोलत नव्हते.

दीड महिना लागला एका मोज्याला. दीड महिना! त्या वेळात लोक प्रोजेक्ट डिलिव्हर करतात. पण झाला. पांढरा, थोडा वाकडा, माझा. रविवारी सकाळी अण्णांना खुर्चीवर बसवलं आणि मोजा चढवायला घेतला.

टाचेपाशी अडकला.

अण्णांनी वाकून दोन्ही हातांनी जोरात ओढला. ‘‘थांबा!’’ मी एवढ्या जोरात ओरडलो, की आई स्वयंपाकघरातून पळत आली. ‘‘दुखेल!’’ अण्णा म्हणाले, ‘‘कुठं दुखतंय? जाईल की.’’ आणि ओढून घातलाच. वरची कडा पोटरीवर दोरीसारखी बसली. ‘‘छान आहे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘घट्ट नाही ना?’’ ‘‘अजिबात नाही.’’

तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्यांना विचारून काही उपयोगच नव्हता. घट्ट झालंय, टोचतंय, रुततंय, ही सगळी उत्तरं ज्या वाटेनं येतात ती वाटच बंद झाली होती. अर्ध्या तासानं मोजा काढला. पोटरीवर लालभडक वळ उठला होता, बोट फिरवलं तर खाच लागत होती. अण्णा अजूनही म्हणत होते, ‘‘छान आहे.’’

मी टेस्टर आहे. बग सापडला की तो कुठून आला ते शोधायचं, हेच माझं पोटापाण्याचं काम. मेजरिंग टेप घेतली. पोटरीच्या खाली, घोट्यावर: साडेनऊ इंच. टाचेच्या टोकापासून पावलाच्या वरून गोल: तेरा इंच. म्हणजे मोज्याच्या वरच्या कडेनं टाचेवरून जाताना तेरा इंच व्हायचं आणि घोट्यावर गेल्यावर पुन्हा साडेनऊवर यायचं. माझा मोजा ताणून बघितला. मधला भाग आरामात तेरा होत होता. वरची कडा साडेदहाच्या पुढं हलत नव्हती.

इथं थोडी थिअरी. कंटाळू नका, तुमच्या अंगातल्या टी-शर्टचीच गोष्ट आहे. मराठीत मागावर चादर विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. शब्द एकच, पण मामला अगदी वेगळा. मागावर उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. दोन्ही सरळ, ताठ. म्हणून सोलापुरी चादर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण ओढली तर लांबत नाही. सुयांवर मात्र एकच धागा असतो आणि तो फाशातून फासा काढत जातो. ओढलं की फासे रुंद होतात, सोडलं की परत येतात. बनियन, टी-शर्ट, मोजे, सगळे याच घराण्यातले. मोजा हे प्रकरण लोकांनी किती गंभीरपणे घेतलं होतं बघा: युरोपात विणलेले मोजे रुळायच्या आधी लोक कापड तिरकं कापून, शिवून पायांना घालायचे, कारण तिरकं कापड जरा तरी ताणतं. आणि १५८९ मध्ये इंग्लंडच्या विल्यम ली यानं फासे विणणारं पहिलं यंत्र बनवलं, तेही मोज्यांसाठीच. वॉटरोग शिसे सोडा, एका पुरुषानं मोज्यांचा विचार करत आयुष्य घालवलं होतं! हे मी टीम लीडला सांगितलं. त्याचं फारसं समाधान झालं नाही.

तर मोजा ताणतो. ताणत नाही ती त्याची सुरुवात. विणायला बसलं की आधी सुईवर टाके घालावे लागतात, त्याला कास्ट-ऑन म्हणतात. ही पहिली ओळ पुढच्या सगळ्या ओळींचा पाया असते आणि ती ज्या धाग्यानं बांधली जाते, तो टाक्यांच्या तळातून जवळपास सरळ जातो. त्यात शिल्लक काही नसतं. वरचे फासे कितीही उदार असले, तरी तळाची दोरी जेवढी, तेवढाच मोजा उघडणार. लोकरीत हे थोडं खपून जातं, कारण लोकर स्वतःच लवचीक असते. सुताला ती सवलत नाही.

पहिला उपाय सगळेच सांगतात: मोठ्या नंबरची सुई घे, टाके सैल होतील. केलं. टाके ढगळ झाले, दिसायला भयंकर, आणि कडा होती तशीच घट्ट. कारण मोठ्या सुईनं वरचा फासा मोठा होतो. दोन टाक्यांच्या मधला, तळाचा धागा वाढत नाही. मी मावशीआजीकडे गेलो. तिला एकच कास्ट-ऑन येत होतं, बाईंनी शिकवलेलं.

‘‘मग त्या जवानांचे मोजे?’’ मी विचारलं. ‘‘ते जायचे का टाचेवरून?’’

ती बराच वेळ सुया हातात धरून बसली. ‘‘आम्ही पेटीत भरून पाठवून दिले,’’ ती म्हणाली. ‘‘कुणाच्या पायात गेले, गेले की नाही, कोण सांगणार?’’

मला ते वाक्य फार लागलं. साठ वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीनं जीव लावून विणलेला मोजा, आणि तो बसला का नाही याचा फीडबॅक नाही. माझ्याकडे निदान पाय समोर होता.

मग शोधाशोध. टाके घालायच्या पद्धती इतक्या निघाल्या, की त्यांवर आख्खी पुस्तकं आहेत. लवचीक कडेसाठी त्यातली एक मला झेपेल अशी वाटली. जर्मन ट्विस्टेड. तिलाच ओल्ड नॉर्वेजियन असंही म्हणतात. दोन देशांनी हक्क सांगितलेली गोष्ट, म्हणजे काहीतरी दम असणार!

पुढचे चार शुक्रवार मी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये हीच प्रॅक्टिस केली. सांगतो, जमलं तर दोरा घेऊन करून बघा. धाग्याची लांब शेपटी सोडायची आणि सुईवर एक सरकती गाठ घ्यायची. शेपटी डाव्या अंगठ्यावरून, गुंड्याकडचा धागा तर्जनीवरून, दोन्ही टोकं बाकीच्या बोटांत धरलेली. अंगठ्याभोवती एक वेढा तयार होतो. नेहमीच्या पद्धतीत सुई या वेढ्यातून खालून वर जाते, तर्जनीवरचा धागा पकडते आणि आली तशी वेढ्यातून परत येते. झाला टाका.

जर्मन पद्धतीत मध्येच एक गिरकी आहे. सुई वेढ्याच्या दोन्ही पदरांच्या खालून पलीकडे न्यायची. मग वरून वेढ्याच्या मध्ये उतरवायची आणि आपल्याकडे वर काढायची. वेढ्याला पीळ पडतो, पदरांची फुली होते. तशीच सुई पुढं नेऊन तर्जनीवरचा धागा पकडायचा. आता अंगठा किंचित वाकवायचा, म्हणजे फुलीच्या पलीकडे वेढा उघडतो. त्या उघडलेल्या जागेतून सुई खाली आणायची, अंगठा सोडायचा आणि टाका हलकेच आवळायचा.

वाचायला एक मिनिट लागलं ना? मला दौंड ते कुर्डुवाडी लागलं. अंगठा वाकवायचं विसरायचो, मग सगळं गुंडाळून बसायचं. एकदा समोरच्या काकू न राहवून म्हणाल्या, ‘‘आणा इकडं, मी करून देते.’’ त्यांनाही ही पद्धत माहीत नव्हती. मग मी त्यांना शिकवायला लागलो आणि शिकवता शिकवता मलाच जमलं. दुसऱ्या शुक्रवारी नवीन लफडं: शेपटी संपली. ६४ टाके हवे होते, ५८ व्या टाक्याला धागा खलास. एरवी कडेच्या रुंदीच्या तिप्पट शेपटी पुरते, पण या गिरकीला धागा जास्त लागतो. आता मी ६४ टाक्यांना सव्वा मीटर सोडतो. उरला तर उरला.

शनिवारी सकाळी घरी बसून टाके घालत होतो. अण्णा पेपर घेऊन समोर. तिसऱ्या पानापर्यंत त्यांनी धीर धरला. मग खुर्ची पुढं ओढली.

‘‘परत कर. हळू.’’

मी केलं. त्यांनी सुई माझ्या हातातून घेतली, दोन टाके नखानं वेगळे केले आणि मधला धागा उजेडात धरला. पूर्वी कापड धरायचे, तसा.

‘‘हा खालचा पीळ कशाला?’’

‘‘तेवढा धागा जास्त राहतो ना, अण्णा. ओढलं की पीळ उघडतो आणि कडा ताणते.’’

ते जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे दोन भीम.’’

मला कळलं नाही. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि ३४ वर्षांत मला पहिल्यांदा, मी पहिल्यांदा विचारलं म्हणून, टॉवेल कसा होतो ते सांगितलं. साध्या कापडाला ताण्याचा एक भीम. टेरी टॉवेलला दोन. एका भीमाचे धागे ताठ, ते टॉवेलचं अंग. दुसऱ्या भीमाचे ढिले. आडवे दोन धागे टाकून ते मुद्दाम जरा लांब ठेवायचे आणि तिसऱ्याला फणी पूर्ण ठोकायची. तिन्ही एकदम पुढं सरकतात. ताठ धागे जागचे हलत नाहीत, ढिले धागे मात्र उभे राहतात आणि त्यांचे लूप होतात. तेच लूप अंगाचं पाणी पितात. ‘‘नवीन पोरगं मागावर आलं, की सगळंच ताठ करून ठेवायचं. त्याला वाटायचं, ताण म्हणजे काम चांगलं. दोन्ही भीम ताठ केले की टॉवेल होतच नाही, नुसतं फडकं होतं. ढील कुठं द्यायची, ते कळायला वर्षं जातात.’’

मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, ‘‘तू पण ताठच धरायलास. जरा ढील दे की.’’

त्यांनी आपलं बोट सुईवर, दोन टाक्यांच्या मध्ये ठेवलं. म्हणाले, प्रत्येक टाका बोटाच्या ह्या कडेला टेकव, आधीच्या टाक्याला चिकटवू नको. मी पुढचा टाका घातला. त्यांनी बोट सरकवलं. असे आम्ही ६४ टाके घातले, एकानं सुई आणि एकानं बोट धरून. आई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. माझ्या आठवणीत अण्णा आणि मी एवढा वेळ एकमेकांच्या एवढं जवळ बसलो नव्हतो. लहानपणी ते शिफ्टला असायचे, मोठेपणी मी पुण्यात. फोनवर आमचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘आईला देतो’ याच्या पुढं कधी गेलं नव्हतं.

या वेळचा मोजा महिन्यात झाला. दोन सुलट, दोन उलट अशी वरची पट्टी, खाली साधी वीण. आणि गुळगुळीत बाजू आत, म्हणजे उलट टाक्यांच्या गाठी तळव्याला लागणार नाहीत. आणि मग तीच एप्रिलची दुपार, ४२ डिग्री, अक्का दारात. मी शेवटचा टाका जोडत होतो.

अण्णा खुर्चीवर बसले. मोजा टाचेपाशी आला. मी श्वास रोखला. कडा उघडली, उघडली, टाचेवरून गेली आणि घोट्यावर जाऊन गप बसली. कुणी ओढलं नाही.

‘‘घट्ट नाही ना?’’ सवयीनं विचारून गेलो.

अण्णांनी या वेळी ‘छान आहे’ म्हटलं नाही. म्हणाले, ‘‘मला काय विचारतोस? संध्याकाळी काढून बघ.’’

संध्याकाळी सात वाजता, सूज येते त्या वेळेला, मोजा काढला. टॉर्च मारून बघितलं. पोटरीवर विणीची पुसट नक्षी होती, उशीची गालावर उमटते तशी. वळ नाही. खाच नाही. पाच मिनिटांत नक्षीही गेली. टेस्ट पास!

सगळं गोड गोड झालं असं समजू नका. सुती मोजा दिवसभरात सैल पडतो आणि खाली घसरतो, अण्णा तो दर तासाला वर ओढतात आणि माझ्याकडे बघतात. रोज धुवायला लागतो, म्हणून एका जोडीनं भागत नाही. चौथी जोडी सुईवर आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मोजा उलटा करून आत बोट फिरवलं, शिवण शोधली, सापडली नाही. ‘‘चालेल,’’ म्हणाले, ‘‘पण पाय रोज बघायचे, मोजा कितीही चांगला असला तरी.’’ पायातली संवेदना काही परत आलेली नाही. ती बहुधा येणारही नाही. मोज्याचं काम तेवढं मोठं नाहीच.

मावशीआजीला मी जर्मन पद्धत शिकवली. तिला दोन दुपारी पुरल्या, मला चार शुक्रवार लागले होते, हे तिनं सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. पहिली लवचीक कडा तिनं दोन्ही हातांनी ताणून बघितली, सोडली, पुन्हा ताणली. ‘‘हे तेव्हा कळायला पाहिजे होतं बघ,’’ म्हणाली. बस, एवढंच. आणि उशाच्या पिशवीतून लोकर काढून पुन्हा टाके घालायला लागली.

अण्णांची आता रोज सकाळी एक ठरलेली ड्यूटी आहे. मोजा घ्यायचा, उलटा करायचा, आत हात घालून बोटांनी सगळीकडे चाचपायचं. खडा आहे का, गाठ आहे का, सुटा धागा आहे का. पायाला कळत नाही ते हाताला विचारायचं. मग खिडकीपाशी जाऊन उजेडात धरायचा आणि वीण बघायची. मी घरी असलो की रिमार्कही मिळतो. परवा म्हणाले, ‘‘तिसऱ्या ओळीत एक टाका उलटा पडलाय.’’

‘‘चालतंय की, अण्णा.’’

‘‘चालतंय कसं? कंपनीत असं कापड पास करतोस?’’

आता फोनवर ‘जेवलास का’नंतर आमचा अजून एक विषय असतो. ‘आईला देतो’ यायला हल्ली बराच वेळ लागतो.